बहुमताचा हिशेब मांडणारा काँदोर्से

१७९४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या क्लामार या खेड्यातील एका खानावळीत एक भुकेला, थकलेला, मळकट कपड्यांतला माणूस शिरला. त्याचे बोलणेचालणे आणि त्याचा वेष यांचा मेळ बसेना. त्याने ऑम्लेट मागितले, किती अंड्यांचे असे विचारताच डझनभर असे उत्तर दिले आणि त्यावरूनच हा कोणी उमराव असावा असा संशय लोकांना आला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्यापाशी कागदपत्रे नव्हती एवढे मात्र खरे. त्याने आपले नाव प्येर सिमाँ असे सांगितले. त्याला धरून शेजारच्या बूर्ग-ला-रेन गावच्या कोठडीत टाकण्यात आले आणि २९ मार्च रोजी तो तेथे मृतावस्थेत आढळला. विष घेतले की श्रमाने व उपासमारीने प्राण गेला, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. मेलेला माणूस मार्की द काँदोर्से होता, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा कायम सचिव होता, हे त्या गावच्या अधिकाऱ्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हते.

निवडणूक, प्रतिनिधित्व आणि लोकांच्या नावाने चालणारे राजकारण यांचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांत काँदोर्सेचा क्रम फार वरचा लागतो. लोकांनी कौल दिला, हे वाक्य आपण निवडणुकीनंतर सहज बोलून जातो. लोक म्हणजे कोण, त्यांचा कौल मोजायचा कसा आणि मोजण्याची रीत बदलली तर कौलही बदलतो काय, हे प्रश्न त्याने कागद-पेन्सिल घेऊन सोडवावयास घेतले. ज्या राज्यक्रांतीला त्याने मनोभावे साथ दिली तिनेच पुढे लोकांच्या नावाने त्याच्यावर पकडवॉरंट काढले. माझा विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र नव्हे. परंतु ज्याला आज सामाजिक निवडीचा सिद्धान्त म्हणतात त्याचा धडा शिकवताना या माणसापाशी थांबल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

मारी ज्याँ आंत्वान निकोला द कारिता हे त्याचे मूळ नाव. जन्म १७ सप्टेंबर १७४३ चा, उत्तर फ्रान्समधील रिब्मो या गावचा. वडील घोडदळात कॅप्टन होते. मूल काही आठवड्यांचे असतानाच ते वारले. आई कमालीची धर्मभीरू. तिने मुलाला कुमारी मेरीला वाहिले होते आणि आठनऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला मुलीचे पांढरे कपडे घातले. रांसच्या जेझुइट शाळेत त्याचे शिक्षण झाले. तेथून तो पॅरिसच्या नाव्हार कॉलेजात गेला. पाद्र्यांच्या शाळेविषयीची त्याची कटुता जन्मभर गेली नाही. गणितात मात्र त्याची बुद्धी विलक्षण चालली. १७६५ मध्ये कलनशास्त्रावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, थोर गणिती दालाँबेर याने त्याला आपल्या छत्राखाली घेतले, आणि १७६९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. १७७६ मध्ये तो तिचा कायम सचिव झाला. स्वभावाने तो बुजरा होता. आवाज बारीक, सभेत उभे राहून बोलणे जमत नसे, विचारात असला की नखे चावण्याची सवय. असा माणूस पुढे क्रांतीच्या व्यासपीठावर जाऊन बसावा, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा.

गणितातून तो अर्थकारणात आला तो तुर्गोमुळे. १७७४ मध्ये सोळाव्या लुईने तुर्गोला अर्थमंत्री केले आणि तुर्गोने काँदोर्सेला टांकसाळीचा निरीक्षक नेमले. तुर्गोने धान्याचा व्यापार खुला केला. त्याच सुमारास पीक बुडाले, भाव भडकले आणि १७७५ च्या वसंतात ठिकठिकाणी दंगे उसळले. धान्यावर निर्बंध हवेत असे म्हणणे त्या काळी लोकप्रिय होते. नेकर या बँकरने तशी भूमिका घेऊन नाव मिळविले. काँदोर्सेने तुर्गोच्या बाजूने लेखणी उचलली आणि लोकांचा रोष पत्करला. त्या वादात सगळे सत्य त्याच्याच पदरी होते असे मी म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला दीर्घकालीन समतोलाचे गणित सांगून भागत नाही, हे आम्हा अर्थशास्त्राच्या लोकांना शिकायला फार वेळ लागतो. मे १७७६ मध्ये तुर्गो पदच्युत झाला. राज्यकारभारात सत्य कळूनही ते अमलात का येत नाही, हा प्रश्न काँदोर्सेच्या मनात तेव्हापासून घर करून बसला असावा.

१७८५ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. बहुमताने दिलेले निर्णय बरोबर असण्याची संभाव्यता किती, हा त्याचा विषय. ग्रंथ अवघड आहे; भल्याभल्या गणितज्ञांनीही तो मिटून ठेवला. पण त्यातले दोन विचार साध्या अंकगणिताने समजण्यासारखे आहेत.

पहिला असा. एखाद्या प्रश्नाला बरोबर आणि चूक अशी दोनच उत्तरे आहेत आणि प्रत्येक मतदार दहापैकी सहा वेळा बरोबर उत्तर देतो असे धरा. एकट्याचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता शेकडा ६०. तिघांनी बहुमताने ठरवले तर ती जवळजवळ ६५ होते, अकरा जणांनी ठरवले तर ७५ आणि एकशे एक जण बसले तर सुमारे ९८. म्हणजे सामान्य माणसे, थोडेसेच शहाणपण असलेली, पुष्कळशी एकत्र आली तर एखाद्या पंडितालाही मागे टाकतात. लोकशाहीच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद क्वचितच कोणी केला असेल. मात्र याच गणिताला दुसरी बाजू आहे आणि काँदोर्सेने ती लपवली नाही. तोच मतदार दहापैकी चारच वेळा बरोबर ठरत असेल, म्हणजे पूर्वग्रहाने वा अज्ञानाने त्याचा कल चुकीकडे असेल, तर संख्या वाढवाल तसा निर्णय अधिकाधिक चुकत जातो. एकशे एक जणांची सभा बरोबर ठरण्याची शक्यता शेकडा २ उरते. शिवाय हे सर्व तेव्हाच खरे, जेव्हा प्रत्येक जण आपापल्या बुद्धीने मत देतो. शंभर जणांनी एकाच पुढाऱ्याकडे पाहून हात वर केले तर ती शंभर मते नव्हेत, एकच मत होय.

दुसरा विचार उमेदवार तीन झाले की उद्भवतो. त्याने स्वतः दिलेले उदाहरण पाहा. मतदार साठ, उमेदवार अ, ब आणि क. तेवीस जणांची पसंती अ, मग क, शेवटी ब अशी आहे. एकोणीस जणांची ब, क, अ. सोळा जणांची क, ब, अ आणि दोघांची क, अ, ब. आपल्याकडे लोकसभेला होते तशी एकेका खुणेची मोजणी केली तर अ ला २३, ब ला १९, क ला १८. अ निवडून आला, पेढे वाटले गेले. आता जोडीजोडीने विचारा. अ आणि क यांच्यात ३७ जणांना क हवा आहे, २३ जणांना अ. ब आणि क यांच्यात ४१ जणांना क हवा आहे, १९ जणांना ब. म्हणजे समोरासमोरच्या प्रत्येक लढतीत क जिंकतो. तरी निकालपत्रात तो तळाला आहे. उलट अ हा ब कडूनही ३५ विरुद्ध २५ असा हरतो. दोघांकडूनही हरणारा उमेदवार विजयी घोषित झाला आहे.

या वृत्तपत्राच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात पसंतिक्रमाचे आकडे लिहिण्याचा अनुभव त्यांना आहे. त्यांना वाटेल की दुसऱ्या पसंतीची मते मोजली की हा दोष जातो. वरील साठ मते त्या रीतीने मोजून पाहावीत. पहिल्या पसंतीत सर्वांत कमी मते क ला, म्हणून तो प्रथम बाद. त्याची सोळा मते ब कडे जातात आणि दोन अ कडे. ब ३५ मतांनी विजयी. मतदार तेच, त्यांची मनेही तीच. मोजणीची रीत बदलताच दुसराच मनुष्य सभागृहात गेला. मी दरवर्षी वर्गात फळ्यावर हे आकडे मांडतो. मुले आधी माझीच बेरीज चुकली असे समजतात.

मग जोडीजोडीने मोजणे हाच उपाय नव्हे काय? काँदोर्सेला तसेच वाटत होते, पण त्याच्याच गणिताने त्याला तेथेही अडविले. पुन्हा साठच मतदार घ्या. तेवीस जण अ, ब, क. सतरा जण ब, क, अ. दोघे ब, अ, क. दहा जण क, अ, ब. आठ जण क, ब, अ. अ हा ब ला ३३ विरुद्ध २७ ने हरवतो, ब हा क ला ४२ विरुद्ध १८ ने, आणि क हा अ ला ३५ विरुद्ध २५ ने. वर्तुळ पूर्ण झाले. प्रत्येक मतदाराचे मन सुसंगत, पण सर्वांचे मिळून जे मन बनते ते विसंगत. लोकांची इच्छा ही एखाद्या व्यक्तीच्या इच्छेसारखी एकसंध वस्तू आहे हे गृहीतच येथे कोसळते. रूसोच्या सामूहिक संकल्पावर पोसलेल्या पिढीच्या हाती काँदोर्सेने हा कागद दिला होता. तो तिने वाचला नाही, हे उघड आहे.

त्याच अकादमीत बोर्दा नावाचा नौदलातला गणिती होता. त्याने गुण देण्याची पद्धत सुचविली: पहिल्या पसंतीला दोन, दुसरीला एक, तिसरीला शून्य. पहिल्या उदाहरणात त्या पद्धतीने क लाच सर्वाधिक, म्हणजे ७८ गुण पडतात. तथापि समोरासमोर सर्वांना हरवणारा उमेदवार बोर्दाच्या पद्धतीतही मागे पडू शकतो, हे काँदोर्सेने दुसऱ्या उदाहरणाने दाखविले. या दोघांचा वाद अजूनही मिटलेला नाही आणि मिटणारही नाही. १९५१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो याने सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असताना काही अगदी वाजवी अटी एकाच वेळी पाळणारी अशी कोणतीही पद्धत असूच शकत नाही. अमर्त्य सेन यांचे १९७० चे पुस्तक त्याच वाटेवरचे.

१७८६ मध्ये काँदोर्सेने सोफी द ग्रूशी हिच्याशी विवाह केला. ती बावीस वर्षांची, तो त्रेचाळिशीला आलेला; पण बुद्धीने ती त्याच्या तोलाची होती. ॲडम स्मिथच्या नीतिविषयक ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर तिने केले, ते १७९८ मध्ये छापले गेले. काँदोर्सेने गुलामगिरीविरुद्ध १७८१ मध्ये टोपणनावाने पुस्तक लिहिले होते आणि पुढे गुलामांच्या मुक्तीसाठी निघालेल्या संस्थेत काम केले. जुलै १७९० मध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत असे प्रतिपादन करणारा निबंध त्याने छापला. निम्म्या जनतेला वगळून घेतलेल्या मताला लोकमत कसे म्हणावे, हा त्यातला मुद्दा गणिती आहे आणि नैतिकही. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ मध्ये.

१७८९ च्या निवडणुकीत तो प्रतिनिधी होऊ शकला नाही. सप्टेंबर १७९१ मध्ये मात्र पॅरिसने त्याला विधानसभेवर निवडले. राजाने पळून जाण्याचा प्रयत्न केल्यावर, जून १७९१ नंतर, टॉमस पेनच्या सोबतीने त्याने उघडपणे प्रजासत्ताकाचा पुरस्कार सुरू केला होता. २० आणि २१ एप्रिल १७९२ रोजी त्याने सार्वजनिक शिक्षणाचा अहवाल सभागृहात वाचला. मुलगे आणि मुली दोघांना शिक्षण, तेही विनामूल्य आणि सरकारी सत्तेच्या हस्तक्षेपापासून शक्य तितके मुक्त, अशी त्याची योजना होती. दहापैकी चार वेळा बरोबर ठरणाऱ्या मतदाराला सहाच्या पुढे न्यायचे तर याखेरीज मार्ग नव्हता. १७८५ चा ग्रंथ आणि हा अहवाल ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. वाचन अर्ध्यावर आले असता राजा सभागृहात आला आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारण्यात आले. शिक्षणाची योजना बाजूला पडली ती पडलीच.

त्याच्या चरित्रातला एक डाग येथेच सांगितला पाहिजे. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत जमावाने कैद्यांची कत्तल केली. काँदोर्सेसारख्या मनुष्याने तेव्हा गर्जून उठावयास हवे होते. त्याच्या त्या दिवसांतील लेखनात ती घटना झाकून पुढे जाण्याचीच वृत्ती दिसते. क्रांती वाचली पाहिजे या चिंतेने त्याचे तोंड बांधले असेल. पण जमाव एकदा लोकांचा प्रतिनिधी मानला गेला की त्याला आवरणे कठीण होते, याची किंमत त्याला नऊ महिन्यांत मोजावी लागली.

नव्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनने संविधानासाठी नऊ जणांची समिती नेमली. सिएस, पेन, दांताँ हेही तीत होते, पण मसुद्यावर हात काँदोर्सेचा. तो १५ व १६ फेब्रुवारी १७९३ रोजी मांडला गेला. तीनशेहून अधिक कलमांचा हा दस्तऐवज वाचताना मन थक्क होते. एकवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत, मालमत्तेची अट नाही. ज्याने पूर्वी मताधिकार मालमत्तेशी जोडला होता त्याच माणसाचे हे परिवर्तन होते. स्त्रिया मात्र त्यातही नाहीत. १७९० चा निबंध लिहिणाऱ्याने येथे माघार घेतली, हे नाकारता येत नाही. सर्व देश ४५० ते ९०० नागरिकांच्या प्राथमिक सभांमध्ये विभागायचा. निवडणूक दोन टप्प्यांत: आधी नावे सुचवायची, मग त्यांतून निवडायची. विधिमंडळ दरवर्षी नवे. मंत्रीसुद्धा थेट लोकांनी निवडलेले. आणि सर्वांत नवीन गोष्ट ही की एखादा कायदा चुकीचा वाटला तर कोणाही नागरिकाने पन्नास सह्या गोळा करून आपल्या प्राथमिक सभेपुढे प्रश्न मांडावा. तो तेथे मान्य झाल्यास इतर सभांकडे जावा, तेथून विधिमंडळाकडे, आणि अखेर गरज पडल्यास संपूर्ण राष्ट्राकडे.

ही पायऱ्यांची रचना म्हणजे मसुद्याचा प्राण. लोक असंतुष्ट झाले तर त्यांनी करावे काय? जॅकोबिनांचे उत्तर उठाव हे होते. पॅरिसच्या रस्त्यावर जमलेला समुदाय म्हणजेच जनता आणि तिचे मन ओळखणारा पुढारी म्हणजे तिचा खरा प्रतिनिधी. काँदोर्सेचे उत्तर असे की असंतोषालाही कायदेशीर, मोजता येणारी वाट हवी. ब्रिटनीच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचे मत पॅरिसच्या चौकातल्या आरोळीइतकेच मोजले जावे. कोणीही एक गट वा एक शहर स्वतःला संपूर्ण जनता म्हणवून घेऊ शकत नाही, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता. आजच्या राज्यशास्त्रात ज्याला लोकानुनयवाद म्हणतात त्याच्या मुळाशी हाच दावा असतो: आम्हीच लोक, बाकीचे लोकांचे शत्रू. मसुदा किचकट होता, सतत सभा भरवण्याइतका वेळ मजुरापाशी कोठून येणार हा आक्षेपही रास्त होता. सँ-जुस्तने थेट निवडलेले मंत्री विधिमंडळाहून प्रबळ होतील अशी हरकत घेतली, तिच्यातही तथ्य होते. पण चर्चा त्या पातळीवर राहिली नाही.

२ जून १७९३ रोजी सशस्त्र नॅशनल गार्डने तोफांसह कन्व्हेन्शनला वेढा घातला आणि निवडून आलेल्या २९ प्रतिनिधींची अटक सभागृहाकडूनच मंजूर करून घेतली. लगोलग नवे संविधान तयार झाले. एरो द सेशेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते काही दिवसांत लिहून काढले आणि २४ जून रोजी ते संमत झाले. त्यावर सार्वमत घेण्यात आले. सुमारे अठरा लाख होकार आणि बारा हजारांच्या आसपास नकार. एवढ्या प्रचंड बहुमताने मान्य झालेले हे संविधान ऑक्टोबरात युद्ध संपेपर्यंत तहकूब करण्यात आले आणि एक दिवसही अमलात आले नाही.

काँदोर्से अटक झालेल्यांत नव्हता. तो गप्प बसला असता तर कदाचित वाचलाही असता. त्याने निनावी पत्रक काढून नव्या संविधानाची चिरफाड केली. ८ जुलै रोजी शाबो नावाच्या सदस्याने त्याचे नाव उघड केले आणि त्याच्यावर वॉरंट निघाले. मादाम व्हेर्ने या विधवा बाईने त्याला लक्झेंबुर्ग उद्यानाजवळील आपल्या घरात लपविले. फरारी माणसाला आसरा देणाऱ्यालाही गिलोटीनचे भय होते, हे ती जाणून होती. त्याच घरात कन्व्हेन्शनचा एक जॅकोबिन सदस्य भाडेकरू होता. त्याने काँदोर्सेला ओळखले आणि अखेरपर्यंत मौन पाळले. सोफी वेष बदलून भेटायला येई. तिने पोटासाठी छोटी व्यक्तिचित्रे रंगविली, कपड्यांचे दुकान चालविले, आणि मुलीच्या नावची मालमत्ता वाचावी म्हणून नवऱ्याच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला.

त्या खोलीत जवळजवळ नऊ महिने बसून त्याने मानवी बुद्धीच्या प्रगतीचा आराखडा लिहिला. दाराबाहेर डोकी उडत असताना हा मनुष्य वृद्धांसाठी व विधवांसाठी विम्याची योजना, राष्ट्राराष्ट्रांतील विषमतेचा अंत आणि स्त्री-पुरुष समता यांविषयी लिहीत होता. त्याचा आशावाद भाबडा होता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माल्थसने १७९८ चा आपला लोकसंख्येवरील निबंध लिहिला तो काँदोर्सेला खोडून काढण्यासाठीही, आणि आम्ही मुलांना माल्थस सविस्तर शिकवतो, काँदोर्से तळटीपेत. आपल्यामुळे मादाम व्हेर्नेवर संकट येईल या भीतीने २५ मार्च १७९४ रोजी तो तिची नजर चुकवून बाहेर पडला. गावाबाहेर एका जुन्या स्नेह्याचे घर होते. तेथे त्याला थारा मिळाला नाही. पुढची हकीकत आरंभी सांगितलीच आहे.

१७९५ मध्ये तो आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच कन्व्हेन्शनने सरकारी खर्चाने त्याच्या तीन हजार प्रती विकत घेतल्या. १९८९ मध्ये, क्रांतीच्या द्विशताब्दीत, फ्रान्सने त्याला पाँतेऑंमध्ये स्थान दिले. शवपेटी रिकामी होती, कारण त्याचे अवशेष केव्हाच हरवले होते. सोफी १८२२ मध्ये वारली. तिने आणि पुढे तिच्या मुलीच्या घरच्यांनी त्याचे लेखन जपले. १८४७ ते १८४९ या काळात जावई ओकॉनर आणि शास्त्रज्ञ आरागो यांनी त्याचे समग्र वाङ्मय बारा खंडांत काढले, परंतु गणिती लेखन त्यातून वगळले. साठ मतांचे ते उदाहरण त्यामुळे शंभर वर्षे ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहिले. स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञ डंकन ब्लॅक याला समित्यांच्या मतदानाचे कोडे सोडविताना असे आढळले की आपण नवे म्हणून जे मांडीत आहोत ते १७८५ मध्ये कोणी तरी मांडून ठेवले आहे. १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्याने काँदोर्सेच्या विवेचनाला स्वतंत्र जागा दिली आणि तेथपासून हे नाव पुन्हा अभ्यासक्रमात आले.